स्कीचा तळ वारंवार पांढरा पडतो: कारण कसे ओळखावे आणि कोणता उपाय करावा

मेण लावून, खरवडून आणि ब्रश फिरवून काळाभोर केलेला स्कीचा तळ एका दिवसाच्या वापरानंतर कडेलगत पुन्हा राखी-पांढरा दिसू लागतो, ही तक्रार स्वतःची स्की बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. यावर बहुतेक जण पुन्हा मेण लावतात, या वेळी ते चांगले मुरावे म्हणून इस्त्री थोडी अधिक तापवतात, तळ काळा झालेला पाहून समाधान मानतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच पांढरा पट्टा त्याच जागी परत आलेला पाहतात. पांढरेपणा वारंवार परत येतो, याचे कारण बहुतेक वेळा मेण कमी पडले हे नसते. तळाच्या प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू उभे राहिलेले असतात आणि ते न काढताच त्यांच्यावर मेण चढवलेले असते. म्हणून उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी पांढरेपणा नेमका कुठे आहे हे पाहावे, मग तंतू कापावेत आणि त्यानंतरच मेणाकडे वळावे.

हे पटण्यासाठी तळ कशाचा बनलेला असतो हे थोडे समजून घ्यावे लागते. लाकडी स्कीच्या काळात तळाला लाख, डांबर आणि नाना प्रकारची रोगणे लावत असत, आणि ती थर थर करून निघून जात. १९५०च्या दशकापासून त्या जागी पॉलिइथिलीनचा थर आला. आज चांगल्या स्कीच्या तळाला अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलीन वापरतात. पी-टेक्स हे त्याचे सर्वांत परिचित व्यापारी नाव. बाजारातल्या साध्या पिशवीचे प्लास्टिक याच कुळातले आहे, परंतु येथे रेणूंच्या साखळ्या इतक्या लांब असतात की रेणुभार साधारणपणे ३० ते ६० लाखांच्या घरात जातो. साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे हे प्लास्टिक घर्षणाने सहजासहजी झिजत नाही, आणि म्हणूनच गुडघ्याच्या व खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतही तेच वापरले जाते. त्याच गुणामुळे ते वितळले तरी धड वाहत नाही. त्यामुळे त्याची भुकटी उष्णता आणि दाब देऊन एका मोठ्या दंडगोलात घट्ट बसवतात आणि त्या दंडगोलावरून पातळ पट्टी सोलून काढतात. यालाच सिंटर्ड तळ म्हणतात. स्वस्त स्कीवर कमी रेणुभाराचे पॉलिइथिलीन वितळवून साच्यातून दाबून काढलेले असते. तो एक्स्ट्रूडेड तळ होय. तो दुरुस्तीला सोपा असतो, मात्र मेण कमी शोषतो आणि लवकर झिजतो.

स्की घसरते कशी, याचा पाया १९३९मध्ये बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे केलेल्या प्रयोगांनी घातला. घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा अतिशय पातळ थर वितळतो आणि स्की त्या पाण्याच्या पटलावरून सरकते, असे त्यांनी दाखवले. प्लास्टिकचे येथे दोन उपकार होतात. ते उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे घर्षणातून निर्माण झालेली थोडीशी ऊब तळाशीच टिकते, तर उघडा धातू ती ओढून घेतो. शिवाय पाणी त्याच्यावर पसरत नाही, त्यामुळे पटल तळाला चिकटून ओढ निर्माण करत नाही. तळ गुळगुळीत आणि जलविरोधी असेपर्यंत हे दोन्ही उपकार मिळत राहतात. तंतू उभे राहिले की तेच पटल ठिकठिकाणी तुटते, तंतूंमध्ये पाणी व धूळ अडकते आणि वळणावर स्की जड वाटू लागते.

तंतू उभे राहतात ते बर्फाच्या कणांमुळे. तापमान उणे १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेले की बर्फाचे स्फटिक कठीण आणि टोकदार राहतात आणि तळावर बारीक ओरखडे काढतात. यंत्राने तयार केलेला बर्फ याहून कठोर असतो, कारण तो पाण्याच्या थेंबांपासून गोठलेल्या दाट कणांचा असतो. नैसर्गिक हिमकणाच्या नाजूक फांद्या त्याला नसतात. न्यू जर्सी, व्हरमाँट किंवा ओंटारिओमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा त्रास अधिक जाणवतो, कारण तिथल्या बऱ्याच उतारांचा हंगाम कृत्रिम बर्फावरच उभा असतो. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधील स्कीचे उतार तर जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम बर्फाचे होते. याउलट गुलमर्गला जानेवारीतल्या भुसभुशीत, ताज्या बर्फावर फिरणाऱ्याच्या स्कीचा तळ कडेने तितका पांढरा पडत नाही, कारण तिथे कडेवर भार देऊन कठीण पृष्ठभाग कापावा लागत नाही.

मेण लावल्यावर तळ काळा का दिसतो, हा या समस्येतला सर्वांत फसवा भाग आहे. पांढरेपणा हा रंग नाही. उभ्या तंतूंवर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो म्हणून तो भाग पांढरट दिसतो. तंतूंमधल्या पोकळीत मेण भरले की प्रकाशाचे विखुरणे थांबते, कारण मेणाचा आणि पॉलिइथिलीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, जवळपास सारखा आहे. सुकलेले सुती कापड ओले केल्यावर गडद दिसते, त्यातलाच हा प्रकार आहे. कठीण बर्फावर दोनचार फेऱ्या झाल्या की ते मेण निघून जाते, तंतू होते तसेच उघडे पडतात आणि आपल्याला वाटते की तळ पुन्हा “सुकला”. पुष्कळ जण या पांढरेपणाला ऑक्सिडेशन म्हणतात. पॉलिइथिलीनचे ऑक्सिडेशन होते हे खरे, पण ते सूर्यप्रकाशात आणि हवेत दीर्घकाळ उघडे राहिल्याने हळूहळू होते. सकाळी काळा असलेला तळ संध्याकाळपर्यंत पांढरा होण्याचे कारण झीज हेच असते.

पांढरेपणा कुठे आहे?

स्की उलटी करून, तळ कोरडा पुसून, खिडकीतून तिरपा प्रकाश पडेल अशी धरावी आणि बोटाचे टोक आधी पुढून मागे, मग मागून पुढे फिरवावे. उलट दिशेने बोट खरखरीत लागले तर तंतू आहेत. एखादी सरळ धातूची पट्टी तळावर आडवी ठेवून तिच्याखालून प्रकाश कुठे दिसतो हेही पाहावे. या तपासणीला फार वेळ लागत नाही, पण ती टाळल्यामुळेच चुकीचा उपाय पुन्हा पुन्हा केला जातो.

पांढरा पट्टा पोलादी कडेला लागून आणि मुख्यतः बुटाखालच्या भागात असेल, तर ती वळणातल्या भाराने झालेली झीज आहे. स्की कलती करून वळताना शरीराचा बहुतेक भार त्याच अरुंद पट्टीवर येतो, तिथले मेण सर्वांत आधी जाते आणि मग बर्फ थेट प्लास्टिकवर घासतो. हा सर्वांत सामान्य प्रकार आहे, आणि पुढे सांगितलेली दुरुस्ती मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

तळ टोकापासून शेवटपर्यंत सारखाच निस्तेज व राखी असेल आणि बोटाला खरखर लागत नसेल, तर तो निव्वळ मेण संपलेला तळ आहे. भाड्याने मिळणाऱ्या स्कीवर हे नेहमी दिसते. दोनतीन वेळा व्यवस्थित मेण लावल्याने तो सुधारतो.

पांढरेपणा मध्यभागी असेल आणि आडवी ठेवलेली पट्टी डगमगत असेल, तर तळ मध्ये फुगीर झालेला आहे आणि सगळा भार मध्यावर येतो. पट्टी दोन्ही पोलादी कडांवर टेकून मध्ये प्रकाश दिसत असेल, तर तळ खोलगट आहे. अशा तळावर स्क्रेपर, म्हणजे मेण खरवडण्याची पट्टी, कडांवरच टेकतो, मधले मेण तसेच राहते आणि ब्रश कितीही फिरवला तरी स्की नीट घसरत नाही. या दोन्ही दोषांवर घरी उपाय नाही. तळ यंत्रावर दगडी चाकाने समतल करून घ्यावा लागतो.

शेवटचा प्रकार माणसाच्या हातून होतो. काही ठिकाणी तळ गुळगुळीत, किंचित चमकदार आणि कडक वाटतो, त्यावर मेण मुरत नाही आणि थंड झाल्यावर पापुद्र्यांसारखे उचकटते. तिथे इस्त्री थांबली होती किंवा ती फार तापलेली होती, आणि प्लास्टिकचा वरचा थर वितळून बंद झाला आहे. या प्लास्टिकचा वितळण्याचा बिंदू सुमारे १३५ अंश सेल्सिअस आहे, तर थंडीच्या कठीण मेणांसाठी इस्त्री १४० ते १५० अंशांवर ठेवण्याची सूचना वेष्टनावर असते. हे विसंगत वाटले तरी चालते, कारण इस्त्री सतत पुढे सरकत असते आणि तिच्या व तळाच्या मध्ये वितळलेल्या मेणाचा थर असतो. इस्त्री एका जागी काही सेकंद थांबली, किंवा मेणाशिवाय कोरड्या तळावरून फिरली, तर हे संरक्षण राहत नाही.

कडेच्या पांढऱ्या पट्ट्याची दुरुस्ती

स्की खोलीच्या तापमानाला आलेली आणि पूर्ण कोरडी असावी. बाहेरून आणलेल्या स्कीवर लगेच काम सुरू केले तर तळावर बाष्प जमलेले असते, आणि थंड तळावर मेण शोषले जाण्याआधीच गोठते. बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या जोडणीचे, ब्रेक जाड रबराने वर बांधून ठेवावेत. त्यानंतर पितळी ब्रश पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, एकाच दिशेने फिरवून जुने मेण आणि मळ मोकळा करावा. मळ जास्त असेल तर मऊ मेण लावून ते गरम असतानाच खरवडावे. मळ त्याच्याबरोबर वर येतो. विद्रावक असलेल्या क्लीनरचा वापर शक्यतो टाळावा, कारण तो मळाबरोबर तळात मुरलेले मेणही ओढून घेतो आणि आपण ज्या कोरडेपणावर उपाय करतो आहोत तोच वाढवतो.

आता तंतू काढायचे. धार केलेला पोलादी स्क्रेपर दोन्ही हातांनी, प्रवासाच्या दिशेने थोडा झुकवून धरावा आणि अगदी हलक्या हाताने पुढून मागे ओढावा. येथे प्लास्टिक सोलायचे नसून फक्त उभे केस छाटायचे असतात. स्क्रेपरवर धुळीइतका बारीक भुसा आला तर दाब बरोबर आहे, आणि लांब कुरळे पापुद्रे आले तर तो जास्त आहे. त्यानंतर स्कीच्या दुकानात मिळणारी न विणलेल्या नायलॉनची घासणी घेऊन पांढऱ्या पट्टीवर लांब हात फिरवावेत. जिथे हात उलट फिरवल्यावर तंतू पुन्हा उभे राहतात, तिथे एक थर मेण लावून ते पूर्ण थंड झाल्यावर स्क्रेपर फिरवावा. गोठलेल्या मेणात तंतू ताठ उभे राहतात आणि स्वच्छ कापले जातात. कोरडेच घासत राहण्यापेक्षा ही पद्धत मला निश्चितपणे अधिक चांगली वाटते, कारण दाढीला साबण लावावा तसा येथे मेणाचा आधार मिळतो आणि निरोगी प्लास्टिक कमी जाते.

यानंतर मेण. पहिला थर मऊ, सर्वसाधारण वापराच्या मेणाचा असावा आणि इस्त्री ११० ते १२० अंशांवर असावी. मेणाच्या वडीचे टोक इस्त्रीला टेकवून तळभर थेंब पाडावेत, मग इस्त्री पुढून मागे संथपणे, न थांबता सरकवावी. इस्त्रीच्या मागे काही सेंटिमीटर लांबीचा ओला, चमकदार माग राहिला तर वेग योग्य आहे. मेणातून धूर निघू लागला तर इस्त्री जास्त तापलेली आहे. स्कीच्या वरच्या बाजूला हात लावून पाहावा. ती कोमट लागली की थांबावे. तळात मेण साठते ते छिद्रांत नव्हे. पॉलिइथिलीनचा काही भाग रेणू नीट रचलेल्या स्फटिकांचा आणि उरलेला अव्यवस्थित साखळ्यांचा असतो. ऊब मिळाल्यावर मेणाचे लहान रेणू त्या अव्यवस्थित भागात शिरतात. त्यामुळे इस्त्रीची प्रखरता वाढवून उपयोग होत नाही. मध्यम उष्णता पुन्हा पुन्हा आणि जास्त वेळ मिळाली की मेण अधिक मुरते. एकदाच तीव्र तापवण्यापेक्षा, मध्ये पूर्ण थंड होऊ देऊन तीनचार वेळा मेण लावणे अधिक परिणामकारक ठरते.

शेवटचा थर मात्र कठीण मेणाचा हवा, आणि तो निदान दोन्ही कडांलगतच्या पट्टीवर तरी लावावा. वारंवार पांढरेपणा येणाऱ्या स्कीसाठी हीच निर्णायक गोष्ट आहे. बर्फाचा कण मेणात रुतणार नाही इतके मेण कठीण असावे लागते. मऊ मेण थंड बर्फावर काही फेऱ्यांतच खरवडले जाते. बहुतेक उत्पादक थंड बर्फासाठी निळ्या-हिरव्या, मध्यम तापमानासाठी जांभळ्या-लाल आणि उबदार बर्फासाठी पिवळ्या छटा वापरतात, तरी वेष्टनावरचे तापमान वाचूनच निवड करावी आणि त्यासाठी हवेचे नव्हे तर बर्फाचे तापमान धरावे. कठीण मेण लवकर गोठते आणि ठिसूळ असते, म्हणून ते अजून किंचित कोमट असतानाच ॲक्रिलिकच्या धारदार स्क्रेपरने खरवडायला सुरुवात करावी. नंतर पितळी, मग नायलॉनचा आणि शेवटी घोड्याच्या केसांचा ब्रश फिरवावा. पृष्ठभागावर राहिलेले मेण स्कीला वेगवान करत नाही. काम करते ते आत मुरलेले मेण आणि तळावरची बारीक रेघांची नक्षी, आणि ती नक्षी ब्रशने मोकळी व्हावी लागते.

उपकरणांबाबत एक सूचना. अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेली मेणाची इस्त्री तिथल्या सुमारे ११०-१२० व्होल्टच्या विजेसाठी असते. ती भारतात २३० व्होल्टवर थेट लावू नये. घरातली कपड्यांची इस्त्री वापरण्याचा मोहही टाळावा. तिच्या तापमानात चढउतार मोठा असतो, तळाला वाफेची छिद्रे असतात आणि ठराविक अंशांवर ती स्थिर राहत नाही. तळ जळण्याची बरीच प्रकरणे येथूनच सुरू होतात.

कपाटात फ्लोरिनयुक्त जुने मेण उरले असेल तर ते बाजूला ठेवावे. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये अशा मेणांवर पूर्ण बंदी लागू केली आहे. ती तापवल्यावर निघणारा धूर श्वासात जाणे हितावह नाही आणि त्यातली रसायने निसर्गात दीर्घकाळ टिकतात. झिजणाऱ्या कडेच्या समस्येत त्यांचा विशेष उपयोगही नाही. तिथे लागतो तो कठीणपणा, आणि तो साध्या हायड्रोकार्बन मेणातही मिळतो.

दगडाचे ओरखडे वेगळे समजावेत

हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असताना खालचे खडक तळावर लांब चर पाडतात. चराच्या कडा फुलून पांढऱ्या दिसतात आणि त्यांनाही मेणाची गरज आहे असा समज होतो. उथळ चर धारदार स्क्रेपरने कडा कापून सोडून दिला तरी चालतो. नखाला स्पष्ट लागणारा चर भरण्यासाठी पॉलिइथिलीनची कांडी पेटवून थेंब पाडतात. ज्योत लहान आणि निळी ठेवावी, कांडी तळाच्या अगदी जवळ धरावी आणि काजळी धरलेले थेंब बाजूला पडू द्यावेत, कारण काजळी मिसळलेले प्लास्टिक ठिसूळ होते व चरातून सुटून येते. हे काम हवेशीर जागी करावे. पोलादी कडेला लागून असलेल्या चरात ही कांडी टिकत नाही, धातूला ती चिकटत नाही. तिथे धातूला धरून ठेवणारे वेगळे भरण किंवा कार्यशाळेतील वेल्डिंग लागते. चर आतल्या गाभ्यापर्यंत गेला असेल तर स्की त्या दिवशी पुन्हा वापरू नये. पाणी आत शिरते, लाकडी गाभा फुगतो आणि थर सुटू लागतात. आधी स्की आठवडाभर तरी सुकू द्यावी लागते आणि मगच भरण करता येते.

यंत्रावरच्या दगडी चाकाने तळ नवा होतो, जळलेला थर निघतो आणि नवी नक्षी पडते. मात्र नव्या तळाची जाडी साधारण सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते आणि प्रत्येक वेळी त्यातला काही भाग जातो, शिवाय पोलादी कडाही झिजतात. म्हणून दर हंगामाला सवयीने चाकावर न देता, पट्टीखालून प्रकाश दिसतो किंवा मेण मुरत नाही अशी ठोस खूण मिळाल्यावरच द्यावे. चाकावरून आलेल्या तळावरही तंतू असतात. त्यामुळे तो मिळाल्यावर घासणी आणि मेणाच्या काही फेऱ्या घरी केल्याशिवाय कठीण बर्फावर नेऊ नये, नाहीतर नवा तळ पहिल्याच दिवशी पांढरा दिसतो आणि दोष कार्यशाळेवर येतो.

हंगाम संपल्यावर

गाडीच्या टपावरून स्की आणली असेल तर रस्त्यावरचे मीठ आणि काजळी तळावर बसलेली असते. ती साध्या पाण्याने धुऊन, कडा लगेच कोरड्या पुसाव्यात. नंतर तळ स्वच्छ करून मऊ मेणाचा जाड थर लावावा, तो पोलादी कडांवरही पसरू द्यावा आणि न खरवडता तसाच ठेवावा. गुलमर्ग किंवा औलीहून स्की परत आणून मुंबई-पुण्यात ठेवणाऱ्यांसाठी हे विशेष आवश्यक आहे, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या कडांवर काही दिवसांतच गंज धरतो आणि तो गंज पुढे तळालगतच्या प्लास्टिकवर घासला जातो. दोन स्की तळाला तळ लावून घट्ट बांधू नयेत. पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा किंवा उन्हात उभी असलेली गाडी टाळावी, कारण तिथल्या उष्णतेत मेण मऊ होऊन ओघळते आणि चिकटद्रव्यांवरही ताण येतो. घरातल्या एखाद्या थंड, कोरड्या भिंतीलगत त्या सैल उभ्या ठेवाव्यात. पुढच्या हंगामात वापरण्यापूर्वी हा थर खरवडून पितळी ब्रश फिरवावा, तिरप्या प्रकाशात कडेलगतची पट्टी पुन्हा तपासावी आणि ती काळी असेल तर कठीण मेणाचा एकच थर पुरतो.